तीन तुकडे की चार

चार वाजायला दहा मिनिटं होती. दार वाजलं तेव्हा तिला वाटलं, एक्स्प्रेस आली असणार. एक्स्प्रेस हे तिच्या शिकवणीतल्या एका मुलीचं नाव. घरच्यांनी ठेवलेलं नव्हे, बाईंनी, म्हणजे तिनेच ठेवलेलं. ही मुलगी प्रश्न वाचून व्हायच्या आधीच उत्तर लिहून मोकळी होई, आणि शिकवणीलाही रोज दहा मिनिटं आधी येऊन धडके.

पण दारात एक्स्प्रेस नव्हती. एक उंच माणूस उभा होता. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल, एका हातात करवत आणि दुसऱ्या हातात तिनेच लिहिलेला प्रश्नांचा कागद.

"शिकवणीच्या बाई तुम्हीच?"

"हो..." तिची नजर करवतीवरून हलेना. "आधी ती खाली ठेवता का?"

त्याने करवतीकडे पाहिलं. ती आपल्या हातात आहे हे त्याला आत्ताच कळलं असावं, कारण तो कानापर्यंत लाल झाला. करवत भिंतीला टेकवून त्याने कागद पुढे केला.

"माझ्या पुतणीचं उत्तर तुम्ही चूक दिलंय. सातवा प्रश्न. आणि ते चूक नाहीये."

आता इथे थोडं थांबून तिची पद्धत सांगायला हवी. तिच्याकडे अकरा मुलं यायची आणि ती रोज अकरा वेगळे कागद लिहायची. हाताने. एक्स्प्रेसच्या कागदावर मुद्दाम फसवे प्रश्न असायचे, म्हणजे तिला ब्रेक लागावा. 'आजीबाई' नावाची आठ वर्षांची एक शांत मुलगी होती. तिला एका गणिताला पंधरा मिनिटं लागत, पण तिचं उत्तर कधी चुकत नसे. तिच्या कागदावर तीनच प्रश्न असत आणि भरपूर मोकळी जागा. 'भुंगा' नावाच्या मुलाचे पाय टेबलाखाली सारखे चालू असत, म्हणून त्याचे प्रश्न छोटे छोटे. प्रत्येकाचा कागद वेगळा, नियम मात्र सगळ्यांना सारखे, आणि ते दोनच. पहिला: बाई उत्तर सांगणार नाहीत. रडा, रुसा, पाय आपटा, बाई वाट बघतील, पण उत्तर ज्याचं त्यानेच शोधायचं. दुसरा: उत्तर आलं तरी ताळा केल्याशिवाय उठायचं नाही.

सातवा प्रश्न होता ठकीच्या, म्हणजे त्याच्या पुतणीच्या, कागदावर. दोनशे चाळीस सेंटिमीटर लांबीच्या फळीतून साठ सेंटिमीटरचे किती तुकडे निघतील? ठकीच्या कागदावर उत्तर होतं, तीन.

"चार निघतात," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "साठ चोक दोनशे चाळीस."

"तीन निघतात."

"अहो, चार."

"बाई, फळी बाहेर आणलीय."

खरंच आणली होती. कुंपणाला टेकवून ठेवली होती. एव्हाना मुलं जमली होती आणि अंगणात तमाशा रंगला. त्याने फळीला माप लावलं, कानावरची पेन्सिल काढून तीन रेघा मारल्या आणि गुडघा टेकून कापायला बसला. करवत सरळ, संथ चालत होती. भुसा पायरीवर पडत होता. ओल्या लाकडाचा गोडसर वास सगळ्या अंगणात भरला. तिला त्याच्या मनगटाकडे बघायचं नव्हतं... पण बघत होती.

पहिला तुकडा साठ. दुसरा साठ. तिसरा साठ. चौथ्याला त्याने पट्टी लावली आणि ती तिच्यासमोर धरली.

एकोणसाठ सेंटिमीटर, एक मिलिमीटर.

"करवत खाते," तो म्हणाला. "दर कापाला तीन मिलिमीटर. तीन काप, नऊ मिलिमीटर. या चौथ्या तुकड्याचा कप्पा केला तर तो बसणार नाही, खाली पडेल. तीनच निघतात."

अकरा मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. बाई चुकल्या आहेत हा प्रसंग त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता. आणि बाई... बाई हसायलाच लागल्या. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने कागद घेतला, सातव्या प्रश्नावरची फुली खोडली, बरोबरची खूण केली आणि प्रश्नाखाली लिहिलं: करवतीची जाडी शून्य धरा.

"शून्य जाडीची करवत," तो वाचून म्हणाला. "कुठे मिळते ते सांगा, आजच घेऊन येतो."

"मिळाली तर मलाही कळवा."

तो गेला. ती मुलांना आत घेऊन आली. त्या दिवशी तिने स्वतः दोनदा 'सात आठे चौपन्न' म्हटलं आणि आजीबाईने दोन्ही वेळा मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी कागद तपासताना तिच्या लक्षात आलं. मुलांना ती त्यांच्या चुकांवरून ओळखायची. अक्षर बदलता येतं, चूक बदलता येत नाही. ठकी चुकते ती हातचा विसरून, नेहमीच. गेल्या तीन आठवड्यांत मात्र तिच्या कागदावर काही प्रश्न असे होते की त्यात हातचा पक्का होता, आकडे ठाशीव होते, साताला मधून आडवी रेघ होती... आणि जिथे 'क्ष' आला तिथे गाडी रुतून बसली होती. कुणीतरी मोठं माणूस चोरून गणित करत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या ठकीच्या कागदावर तिने शेवटी एक जादा प्रश्न लिहिला. "एक काका रोज पुतणीच्या कागदावरचे तीन प्रश्न सोडवतो. तर हे बाईंना कधी कळलं?"

कागद परत आला. खाली ठाशीव अक्षरात उत्तर होतं. "करवत खाली ठेवायला सांगितली तेव्हा?" आणि त्याच्याखाली, आधी पेन्सिलने लिहून मग त्यावरून पेन फिरवून पक्कं केलेलं: "मला शिकवाल का?"

ती खिडकीशी उभी राहून ते तीन शब्द वाचत राहिली. तिची आत्या आराम खुर्चीत विणत बसली होती. आत्याला कमी ऐकू येई, पण फक्त तिला हवं तेव्हा.

"काय गं, कागद उलटा धरलायस का? मघापासून एकच ओळ वाचतेयस."

"प्रश्न अवघड आहे, आत्या."

"असू दे की. तुला कधी सोपे आवडलेत!"

तो दुपारी एक ते दोन येऊ लागला, लाकडाच्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. पहिल्या दिवशी त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. शालान्त परीक्षेत गणितात दोनदा नापास. तिसऱ्यांदा बसलाच नाही. मास्तरांनी पन्नास मुलांसमोर फळ्याजवळ उभं केलं होतं, 'क्ष म्हणजे काय' विचारून, आणि तास संपेपर्यंत बसूच दिलं नव्हतं. नंतर लाकडाने जवळ केलं. आता तांत्रिक शाळांमध्ये सुतारकामाचे शिक्षक नेमणार आहेत. कामाची परीक्षा तो डोळे मिटून देईल, पण शालान्तचं प्रमाणपत्र हवं. पेपर चार महिन्यांवर होता आणि वयाच्या अटीने ही शेवटची संधी होती.

"ठकीला वाटतं, मी तिला मदत करतो," तो खाली बघत म्हणाला. "खरं तर ती मला करते."

तिने त्याच्यासाठी बारावा कागद लिहायला घेतला. त्यात बागा, हौद, एकमेकांकडे धावणाऱ्या गाड्या असलं काही नव्हतं. कपाट होतं, ज्याची उंची रुंदीपेक्षा साठ सेंटिमीटरने जास्त होती. तीन पायांचं स्टूल होतं. खण होते, बिजागऱ्या होत्या. "क्ष म्हणजे," ती पहिल्या दिवशी म्हणाली, "अजून न कापलेला तुकडा. माप माहीत नाही, पण कुठे बसायचाय ते माहीत आहे."

त्याने कागदावरच्या 'क्ष'भोवती पेन्सिलने चौकोन काढला. "हे मास्तरांनी का नाही सांगितलं?" असं तो हळूच म्हणाला. तिने उगाचच पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

माप मात्र त्याच्या डोळ्यांत होतं. ती गंमत म्हणून परीक्षा घ्यायची.

"ही खिडकी?"

"एक्क्याण्णव."

तिने टेप लावली. एक्क्याण्णव.

"हे टेबल?"

"एकशे ऐंशी. पण डावा पाय पाच मिलिमीटर आखूड आहे."

"आणि मी?" शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं, काय विचारलं ते.

तो वर न बघता म्हणाला, "एकशे अठ्ठावन्न."

"चूक! एकशे छप्पन."

"चपलेची टाच दोनची आहे." आता त्याने वर पाहिलं. "ताळा केलाय मी."

कोपऱ्यातून आत्याच्या सुयांचा आवाज थांबला होता. "काय म्हणाला गं तो?" आत्याने विचारलं. "काही नाही," दोघं एकदमच म्हणाले, आणि सुया पुन्हा चालू झाल्या, पूर्वीपेक्षा जरा वेगात.

एका दुपारी पावसाची सर आली. त्याने सदऱ्याच्या आत जपून आणलेला कागद काढला, तेवढा कोरडा होता, बाकी तो नखशिखान्त भिजलेला. तिने पंचा दिला. केस पुसता पुसता तो मुलांच्या टेबलाकडे बघत होता.

"एक विचारू? तुम्ही प्रत्येकाला वेगळा कागद देता. मग टेबल सगळ्यांना एकच का?"

तिने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"त्या भुंग्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. लोंबकळतात. लोंबकळणारे पाय हलणारच."

पुढच्या आठवड्यात तो कारखान्यातले उरलेसुरले तुकडे घेऊन आला आणि पाय ठेवायला अकरा पाट करून गेला, अकरा वेगळ्या उंचीचे, प्रत्येकाच्या खाली ज्याचं त्याचं नाव कोरून. भुंग्याचे पाय टेकले आणि त्या दिवशी त्याने सलग वीस मिनिटं गणितं केली. दोन वर्षं ती त्याला चंचल म्हणत होती! ती त्या संध्याकाळी पाटांवरून हात फिरवत राहिली. एकाचीही कड बोचत नव्हती. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत हे तिला तेव्हा सरळसरळ कळलं आणि तिने ते स्वतःपाशी कबूलही केलं. त्याच्यापाशी कबूल करणं ही वेगळीच गोष्ट होती. तो मापून, खुणा करून, पुन्हा मापून मगच कापणारा. ती वाट बघणारी. अशा दोघांमध्ये बोलायचं कुणी?

आणि मग ठकीने सहज बोलता बोलता सांगून टाकलं. "बाई, काका पास झाला ना, की तो लांबच्या शहरात जाणार. तिथल्या शाळेत नवीन यंत्रं आहेत, राहायला खोलीपण देतात. रेल्वेने अख्खा दिवस लागतो."

"इथल्या शाळेत नाही का जागा?"

"आहे, पण तिथे लाकूड पकडायचे दोनच गंजके शिकंजे आहेत आणि छप्पर गळतं. आई म्हणते, वेडाच असेल जो तिथे जाईल."

म्हणजे तिने त्याला जितकं चांगलं शिकवावं, तितका तो लांब जाणार होता. प्रत्येक बरोबरची खूण ती स्वतःच्याच हाताने करत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कागद तिच्यासमोर परत ठेवला.

"बाई, पाचवा प्रश्न..."

"चुकलाय. पुन्हा करा."

"दोनदा केला. ताळाही जुळतो." तो अडखळला. "मला वाटतं... हे बरोबर आहे."

तिने बघितलं. बरोबरच होतं. स्वच्छ, सुबक, एकही खाडाखोड नसलेलं उत्तर, आणि त्यावर तिची लाल फुली. इतक्या वर्षांत तिने बरोबर उत्तराला चूक कधी दिलं नव्हतं. त्या फुलीकडे बघून तिला स्वतःचीच शरम वाटली. हात चुकला होता की मनाने मुद्दाम चुकवला होता?

"माफ करा," ती म्हणाली. "माझी चूक."

"तुमची तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. वही काढा. आज आपण वर्गसमीकरणं संपवणार आहोत."

त्या दिवसापासून तिने जीव ओतून शिकवलं. जाणार असेल तर चांगल्या गुणांनी जाऊ दे, पन्नास मुलांसमोर ताठ उभा राहू दे. रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला ते फार अवघड वाटे, पण दुपारी एक वाजता फाटक वाजलं की सगळं सोपं होई.

पेपर झाला त्या दिवशी तो थेट तिच्याकडे आला.

"कसा गेला?"

"बांबू कापायचा प्रश्न होता. करवतीची जाडी दिली नव्हती."

"मग?"

"शून्य धरली." त्याने उसासा टाकला. "लाज वाटली हो, बाई. इतकं खोटं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं."

निकाल लागला. शंभरपैकी एकाहत्तर. ठकी रस्ताभर ओरडत आली, आत्याने विणकाम टाकून टाळ्या वाजवल्या, मुलांनी फळ्यावर भलेमोठे एकाहत्तर काढले. तो दारात उभा होता, नुसता हसत. कामाच्या परीक्षेत तर तो पहिलाच आला.

आठ दिवसांनी, चार वाजायच्या जरा आधी, तो पुन्हा आला. हातात करवत नव्हती. एक छापील फॉर्म होता.

"पसंती कळवायचीय. तीन रकाने आहेत." फॉर्म कोरा होता. "पहिली कोणती शाळा लिहू?"

अंगणात मुलांचे आवाज येत होते. "ते... तुम्हीच ठरवायला हवं."

"हो. पण तुम्हाला काय वाटतं?"

"मी उत्तर सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे." त्याने फॉर्मची घडी घातली. हळू, कडेला कड जुळवून, जशी तो प्रत्येक गोष्ट करायचा. "येतो मग."

तो पायरी उतरला. दुसरी उतरला. फाटकाला हात लावला. ती वाट बघण्यात तरबेज होती. पंधरा मिनिटं बघू शकायची, तास बघू शकायची. पण या वेळी ज्याची वाट बघायची तोच निघून चालला होता.

"इथली!" ती ओरडली. "इथली लिही! छप्पर गळलं तर गळू दे. दोन शिकंजे तर दोन शिकंजे. मला... मला तू इथे हवा आहेस. मला तू फार आवडतोस आणि रेल्वेने अख्खा दिवस मला नाही चालणार."

एवढं एका श्वासात बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण 'तू' म्हणालो. आणि अंगणातले सगळे आवाज बंद झालेत.

तो वळला. खिशातून त्याने दुसरा एक कागद काढला, छोटा, शिक्का मारलेला. फॉर्मची पोच. सकाळची तारीख. त्यावर पहिल्या पसंतीपुढे ठाशीव अक्षरात इथल्या शाळेचं नाव होतं.

तिने ते दोनदा वाचलं. "हे तर... तू सकाळीच देऊन आलायस!"

"हो. हा कोरा फॉर्म जादाचा."

"मग मला विचारलंस कशाला?"

"ताळा करत होतो." त्याचे कान लाल झाले होते, पण नजर हलली नाही. "तूच सांगितलंस ना, उत्तर आलं तरी ताळा केल्याशिवाय उठायचं नाही."

"आणि मी दुसरंच उत्तर सांगितलं असतं तर?"

"तर सातव्या प्रश्नासारखं. उद्या करवत घेऊन आलो असतो, वाद घालायला."

ती हसली, रडली, दोन्ही एकदम. त्याने तिचा हात हातात घेतला. त्याच्या तळव्याला घट्टे होते आणि बोटं अगदी ऊबदार होती. आतून आत्याचा आवाज आला, "जमलं का गं गणित?" आणि आज आत्याला सगळं अगदी स्वच्छ ऐकू गेलं होतं.

"बाईंनी उत्तर सांगितलं!" अंगणातून एक्स्प्रेस किंचाळली. "मी ऐकलं! बाईंनी स्वतः उत्तर सांगितलं!"

"आम्हाला तर कधीच सांगत नाहीत," ठकी फुरंगटली. "काकालाच बरं सांगितलं!"

"हे दोघं एकमेकांना आवडतात ते मला आत्ताच कळलं," भुंगा म्हणाला. "तुला कधी कळलं?"

"मला कालच," एक्स्प्रेस म्हणाली. कळलं नव्हतंच, पण ती अशीच.

आजीबाई पायरीवर बसली होती. तिने नेहमीप्रमाणे आधी पूर्ण विचार केला. बाईंकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं, एकमेकांत अडकलेल्या त्यांच्या हातांकडे पाहिलं. मुलं थांबली, कारण आजीबाई बोलणार असली की सगळे थांबत.

"फळी कापली ना," ती सावकाश म्हणाली, "त्या दिवशी."

आणि आजीबाईचं उत्तर आजवर कधी चुकलं नव्हतं.